वारा आपल्या माळावरचा, मीटर कोणाचे?



गेल्या दोन जिल्हा बैठकांत विषयपत्रिकेवर नसलेला एक विषय शेवटच्या तासाला निघाला आणि मग बैठक आटपेना. विषय पवनचक्कीचा. एका तालुक्यातले शेतकरी एक कागद घेऊन आले होते. माळावरची बरड जमीन पवनचक्कीसाठी द्यायची, सही करायची आणि इसार आजच्या आज घ्यायचा. दुसऱ्या तालुक्यातला एक तरुण रंगीत पत्रक घेऊन आला होता. घरावर छोटी पवनचक्की बसवा, घरातले दिवे लागतील, विहिरीवरची मोटर चालेल, वीजबिल कायमचे बंद! दोघांचा प्रश्न एकच होता : यात खरे किती?

त्या दिवशी घाईत दिलेले उत्तर अपुरे होते. म्हणून हा अग्रलेख.

वाऱ्यापासून वीज होते कशी, हे काही इंजिनीयरांचे गुपित नाही. जुन्या सायकलला डायनामो असायचा. चाकाला घासून त्याचे डोके फिरायचे आणि पुढचा दिवा लागायचा. आत एक लोहचुंबक आणि एक तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढाच ऐवज. चुंबक वेटोळ्याजवळ फिरला की तारेत वीज वाहते, हे मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिले. कोयनेच्या बोगद्यात चुंबक पाणी फिरवते, कोराडी-परळीला कोळशाची वाफ फिरवते, पवनचक्कीत वारा फिरवतो. फरक फिरवणाऱ्याचा, बाकी तत्त्व तेच.

छोट्या घरगुती यंत्रात तीन पाती असतात आणि ती थेट जनित्राला जोडलेली असतात. वारा कधी जोरात, कधी हळू. त्यामुळे निघणारी वीजही कमीजास्त दाबाची. तिच्यावर घरातला पंखा सरळ चालवता येत नाही. ती आधी एकदिश करायची, बॅटरीत भरायची, मग इन्व्हर्टरमधून घरात घ्यायची. मागे माशाच्या शेपटीसारखे पत्र्याचे शेपूट असते, ते तोंड वाऱ्याकडे ठेवते आणि वादळ आले की चक्र बाजूला वळवते. मोठ्या यंत्रात हेच काम मोटरी आणि संगणक करतात. तिथे पाती मिनिटाला दहा-पंधरा फेरे घेतात, गिअरबॉक्स ते फेरे हजार-दीड हजारांवर नेतो, तयार झालेली वीज बुडाशी किंवा डोक्यावर ठेवलेल्या ट्रान्स्फॉर्मरमधून ३३ हजार व्होल्टवर चढते आणि उपकेंद्राकडे जाते. आपल्या गावाच्या डीपीकडे ती येतेच असे नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ताकदीचा हिशेब. वावडीवर उभे राहून ज्याने ज्वारी उफणली आहे त्याला वाऱ्याचा लहरीपणा वेगळा शिकवायला नको. सूप धरून हात भरून यायचे आणि वारा पडलेला असायचा. चांगली झुळूक आली की दोन तासांत रास मोकळी. त्या अनुभवाला आकडे जोडले की पत्रकातली मेख कळते.

हवेलाही वजन असते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढी हवा सुमारे सव्वा किलोची. ती सेकंदाला ४ मीटर, म्हणजे तासाला साधारण १४ किलोमीटर वेगाने आली, तर एक चौरस मीटर चौकटीतून ३८ वॅट ताकद जाते. वेग दुप्पट झाला तर ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. सेकंदाला ८ मीटर वेगाला तीच चौकट ३०७ वॅट देते. आणि ही ताकद सगळी कोणालाच काढता येत नाही. वाऱ्यातली ५९ टक्क्यांहून अधिक ताकद कोणत्याही चक्राला घेता येणार नाही, हे बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच मांडले. छोटी यंत्रे प्रत्यक्षात पाव ते एकतृतीयांश घेतात.

पत्रकातली 'एक किलोवॅट'ची पवनचक्की घ्या. चक्राचा व्यास तीन मीटर धरू. म्हणजे सात चौरस मीटर क्षेत्र. १४ किलोमीटरच्या वाऱ्याला तिच्यातून निघतील जेमतेम ८० वॅट. एक पंखा आणि एलईडीचा एखादा दिवा. पत्रकात छापलेला एक किलोवॅट केव्हा मिळतो? वारा तासाला ४० किलोमीटरच्या आसपास वाहील तेव्हा. तसा वारा आपल्या माळवदावर किती दिवस असतो, हे पत्रक सांगत नाही. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीला हवेत ३,७०० वॅटहून अधिक. त्याच १४ किलोमीटरच्या वाऱ्यावर ती चालवायची तर वीस मीटर व्यासाचे चक्र लागेल. ते घरावर बसत नाही. घरच त्याच्याखाली बसते.

त्याहून मोठी मेख महिन्यांची आहे. महाराष्ट्रात वाऱ्याच्या विजेचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत निघतो. म्हणजे मृगापासून हस्तापर्यंत. त्या दिवसांत कपाशीला पाणी वर पाहून मिळते. मोटर लागलीच तर पावसाने ताण दिला तेव्हा. खरी मोटर लागते दिवाळीनंतर, शाळू पोटरीत येतो तेव्हा, कपाशीला शेवटचे पाणी द्यायचे तेव्हा. नेमका त्याच महिन्यांत वारा पडतो. आषाढातली वीज मार्गशीर्षासाठी साठवायची म्हटली तर किती बॅटऱ्या? १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत पावणेदोन युनिट मावतात आणि बॅटरी टिकवायची असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे. पाच हॉर्सपॉवरची मोटर तेवढे पंधरा मिनिटांत पिऊन टाकते.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. मी आणि माझ्या धाकट्या भावाने मळ्यातल्या घरावर असे यंत्र बसवले होते. पहिल्या पावसाळ्यात दिवे लखलखीत. लोक बघायला यायचे, आम्ही चहा पाजायचो. दिवाळीला पाती उभीच्या उभी. तिसऱ्या वर्षी बॅटऱ्या बसल्या, आणि नव्या बॅटऱ्यांची किंमत ऐकून आम्हीही बसलो. चूक यंत्राची कमी, आमची जास्त. घराच्या पश्चिमेला चिंच होती. झाडामागचा वारा भोवरे घेत येतो, त्यात चक्र नुसते तोंड फिरवत राहते. आजूबाजूच्या झाडा-घरांपेक्षा मनोरा बराच उंच हवा, हे विकणाऱ्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

मग घराला आणि शेताला वाऱ्याची वीज कोणी कधी वापरलीच नाही का? वापरली. अमेरिकेत मोंटाना नावाचा कोरडवाहू गव्हाचा आणि गुरांचा प्रदेश आहे. १९२० च्या दशकात तिथल्या शेतावर जेकब्स नावाच्या भावांनी पाणी उपसायच्या पवनचक्कीपासून वीज काढायचा खटाटोप सुरू केला. जुन्या फोर्ड मोटारीचा मागचा आस लावून पाहिला. पंख्यासारखी अनेक पात्यांची चक्की जोर लावते पण सावकाश फिरते, विजेला वेग हवा, हे कळल्यावर विमानाच्या पंख्यासारखी तीन पाती केली. पुढे त्यांनी मिनियापोलिसला कारखाना काढला आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशी हजारो यंत्रे शेतकऱ्यांच्या घरांवर चालली. ३२ व्होल्टची वीज, काचेच्या बॅटऱ्या, त्यावर दिवे, रेडिओ, इस्त्री. तिथे ते जमले, कारण सपाट मैदानावर हिवाळ्यातही सोसाट्याचा वारा होता, गरज थोडी होती आणि विजेची तार शंभर कोसांत नव्हती. पुढे १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना तारा ओढायला कर्ज दिले. तार दारात आल्यावर शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी ती यंत्रे उतरवली.

आपल्याकडे तार दारात आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल राज्य सरकार भरते. तेव्हा 'मोटरीचे बिल वाचेल' हे पत्रकातले वाक्यच पोकळ आहे. आपले दुखणे बिलाचे नाही, रात्री दोन वाजता येणाऱ्या विजेचे आहे, साप-विंचवाचे आहे, जळालेल्या डीपीचे आहे. त्यावर उपाय म्हणून आज मोटरीसाठी सौर पंप जास्त भरवशाचा, कारण ऊन नेमके हिवाळा-उन्हाळ्यात असते. डोंगरमाथ्यावरच्या वस्तीला, जिथे तार खरोखरच पोचत नाही आणि पावसाळ्यात ढगांमुळे सौर पाट्या ओस पडतात, तिथे पाट्यांच्या जोडीला छोटी पवनचक्की घरच्या दिव्यांपुरती शोभते. बाकीच्यांनी पत्रक घडी करून ठेवावे.

छोट्या यंत्राची कथा संपली. आता माळावर येणारे मोठे यंत्र पाहू, कारण खरा पैसा तिथे आहे.

चक्राचा व्यास ११० मीटर असलेले यंत्र आता नवलाचे राहिलेले नाही. त्याची पाती फिरतात तेव्हा ९,५०० चौरस मीटर वाऱ्यावर ताबा ठेवतात. एकरात सांगायचे तर दोन एकर चौदा गुंठे. म्हणजे खाली जमीन मुरमाड असली, हुलगे पेरायच्या लायकीची असली, तरी वर आभाळात सव्वादोन एकराचे उभे शेत आहे आणि त्याला बियाणे, खत, फवारणी काहीच लागत नाही. शिवाय जमिनीवर वारा झाडा-बांधांना अडखळतो, उंचावर मोकळा सुटतो. वेग चाळीस टक्क्यांनी वाढला तर ताकद पावणेतीनपट होते. म्हणून मनोरे शंभर मीटर चढवतात.

दोन मेगावॅटचे यंत्र वर्षभराच्या सरासरीत क्षमतेच्या पाव भागाने चालले, तरी वर्षाला सुमारे ४४ लाख युनिट वीज होते. तीन रुपये युनिट धरा : एक कोटी एकतीस लाख रुपये. वर्षाला. यंत्र महागडे आहे, त्याचे व्याज आहे, देखभाल आहे, हे सगळे मान्य. आणि वाऱ्याच्या विजेचा भाव पडलाही आहे. फेब्रुवारी २०१७ च्या देशातल्या पहिल्या लिलावात तो ३ रुपये ४६ पैसे होता, डिसेंबरात गुजरातच्या लिलावात २ रुपये ४३ पैसे. तरीही तुमच्या हातात ठेवलेला इसार या आकड्याशेजारी ठेवून पाहा. एवढेच म्हणणे आहे.

या माळांचे मालक कोण झाले? सातारच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर, धुळ्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलला, सांगलीच्या ढालगावला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत यंत्रे उभी राहिली. यंत्रांचे मालक बहुतेक पठारावर कधी न राहिलेले. कारण साधे होते. १९९० च्या दशकात पवनचक्कीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करता येत असे. पुढे ती सवलत ८० टक्के झाली, २०१२ मध्ये काढली, २०१४ मध्ये परत दिली, २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली. ज्याला मोठा प्राप्तिकर भरायचा त्याला पवनचक्की म्हणजे करातली सूट. शेतकऱ्याला प्राप्तिकर नाही, म्हणून सूटही नाही. 'शेतकरी कर भरत नाही' म्हणून आपल्याला टोमणे मारणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा.

कापूसवाल्यांना एक गंमत सांगतो. तमिळनाडूत कन्याकुमारीजवळ मुप्पंदलच्या खिंडीत आणि पालघाटच्या खिंडीतून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर हजारो पवनचक्क्या आहेत. त्यांच्या मालकांत सूतगिरण्यांची भली मोठी रांग आहे. गिरणीने वारा असेल तिथे यंत्र बसवायचे, वीज सरकारी तारेत सोडायची, आणि आपल्या गिरणीत तेवढीच वीज वापरायची. वाहतुकीचे भाडे द्यायचे. जुन्या पवनचक्क्यांना तर एप्रिल ते मार्च वर्षभर वीज खात्यावर जमा ठेवायची मुभा मिळाली : पावसाळ्यात टाकायची, हिवाळ्यात उचलायची. जी गोष्ट बॅटरीत जमत नाही ती वहीत जमली! पवनचक्क्या बनवणाऱ्या आपल्या देशातल्या एका मोठ्या कंपनीचे संस्थापक तुलसी तांती हेही मुळात कापड धंद्यातले. वीजबिलाने कापडाचा धंदा परवडेना म्हणून त्यांनी आधी स्वतःसाठी दोन पवनचक्क्या घेतल्या, १९९५ मध्ये कंपनी काढली. कापसाचे सूत करणाऱ्याने वारा ओळखला. कापूस पिकवणारा अजून इसाराची पावती चाचपतो आहे.

शेतकऱ्याला हे झेपत नाही म्हणणाऱ्यांना डेन्मार्क दाखवा. १८९१ मध्ये आस्कोव्ह या खेड्यातल्या लोकशाळेचे शिक्षक पोल ला कूर यांनी पवनचक्कीवर वीज काढली आणि पुढे खेड्यातल्या पोरांना वीजतंत्री म्हणून तयार केले. १९७३ मध्ये तेल कडाडल्यावर तिथे शेतकरी आणि गावकरी भागभांडवल काढून यंत्रे घेऊ लागले. साम्सो नावाच्या बेटावर २००० साली जमिनीवर अकरा यंत्रे उभी राहिली, एकेक मेगावॅटची. त्यातली नऊ शेतकऱ्यांच्या मालकीची, दोन गावकऱ्यांच्या सहकारी संस्थांची. २००९ मध्ये त्या देशाने कायदाच केला की कंपनीने यंत्र उभारताना वीस टक्के भाग साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांपुढे ठेवलेच पाहिजेत. तो नियम २०२० मध्ये बदलला, पण अकरा वर्षे चालला.

सहकार म्हटले की आपल्याकडे कपाळावर आठ्या पडतात, ठाऊक आहे. सहकारी सूतगिरण्यांची धुराडी आपण रोज पाहतो. नगर जिल्ह्यातल्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा परवाना थकबाकीच्या वादात २०११ मध्ये संपला. म्हणून सहकाराचा जप मी करत नाही. कंपनी काढा, भागीदारी करा, पण कागदावर 'जमीन देणार' या रकान्याशेजारी 'भागधारक' हा रकाना मागा. जिनिंग चालवणाऱ्या आपल्या शेतकरी कंपन्यांना वाट कायद्यात आहे. २००५ च्या वीज नियमांप्रमाणे यंत्रात २६ टक्के मालकी आणि त्यातली निदान ५१ टक्के वीज स्वतः वापरणे, एवढे केले की ती स्वतःची वीज धरली जाते. २०२२ पासून शंभर किलोवॅटच्या ग्राहकालाही दुसरीकडून हरित वीज आणता येते. अडचण तीच, महिन्यांची. जिनिंग चालते कार्तिक ते फाल्गुन, वारा वाहतो आषाढात, आणि २०२२ च्या केंद्रीय नियमांत वीज जमा ठेवण्याची हमी महिन्यापुरती. गिरण्यांना वर्षाचे खाते आणि शेतकऱ्यांच्या जिनिंगला महिन्याचे? ही मागणी आपल्या यादीत वर गेली पाहिजे.

तोवर जे कागद दारात आले आहेत त्यांचे काय?

विक्री करू नका, भाडेपट्टा करा. भाडे दरवर्षी वाढणारे हवे, आणि जमले तर विकलेल्या युनिटमागे ठरावीक पैसे मागा. मीटर खोटे बोलत नाही, त्याचे मासिक आकडे तुम्हाला मिळतील हे लिहून घ्या. सातबारा पूर्ण गटाचा अडकतो की फक्त वापरलेल्या गुंठ्यांचा, हे पाहा. इतर हक्कात कंपनीच्या बँकेचा बोजा चढला की तुमचे पीककर्ज अडते. मुखत्यारपत्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. एजंट कंपनीचा की मधला दलाल, हे नोंदणी कार्यालयात जाऊन पाहा. दलाल पट्टा घेऊन दुसऱ्याला विकतो आणि मग तुमचा करार कोणाशी हेच कळत नाही.

रस्त्याचे कलम तर दोनदा वाचा. पन्नास मीटर लांब पाते वळवायला जो रस्ता लागतो तो पाणंदीएवढा नसतो. तो बांध फोडतो, नाला बुजवतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात माळावरचे पाणी खालच्या शेतकऱ्याच्या कपाशीत घुसते. भाडे वरच्याला, नुकसान खालच्याला; असे झाले की गावात भांडण लागते, कंपनी बाजूला उभी राहते. मोऱ्या कोण बांधणार, हे करारात यावे आणि खालच्या गटांचे शेतकरीही त्या बोलणीला बसावेत.

तारांचे वेगळेच. केंद्राने २०१५ मध्ये मनोऱ्याखालच्या जागेला ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला १५ टक्क्यांपर्यंत मोबदला सुचवला, २०२४ मध्ये ते २०० आणि ३० टक्के केले. पण या सूचना ६६ हजार व्होल्ट आणि वरच्या वाहिन्यांसाठी. पवनचक्कीपासून उपकेंद्रापर्यंतची वाहिनी ३३ हजारांची असते. म्हणजे तुमच्या शेतातल्या खांबांना ते आकडे आपोआप लागू नाहीत. भाव तुम्हालाच ठरवावा लागेल, आणि तोही खांब उभा राहण्याआधी.

शेवटचे कलम कोणी वाचत नाही. यंत्राचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षे. त्यानंतर शेकडो घनमीटर काँक्रीटचा पाया कोण उकरणार? तोवर कंपनी तीन वेळा हातबदल झालेली असेल. त्यासाठीची ठेव पहिल्याच दिवशी बँकेत वेगळी ठेवून घ्या.

आणि एकट्याने सही करू नका. एका माळावर यंत्रे दहा बसणार असतील तर ती तुमच्याशिवाय नऊ बसतील, पण रस्ता आणि तार तुम्हा सगळ्यांच्या शेतांतून जाणार आहे. पहिला सही करणारा सगळ्यांचा भाव ठरवतो, हे एजंटाला आपल्यापेक्षा चांगले कळते. म्हणून तो आधी त्याच्याकडेच जातो, ज्याच्या घरी लग्न आहे किंवा दवाखाना आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीत सकाळचा पहिला तास या विषयाला ठेवला आहे. ज्यांच्याकडे कागद आले आहेत त्यांनी करारनाम्याची पूर्ण प्रत आणावी. मागची बारीक अक्षरातली पानेसुद्धा. ज्यांनी सही केली आहे त्यांनी लाजू नये, त्यांनीच आधी यावे. सातबाऱ्याचा ताजा उतारा सोबत असू द्या. आणि खालच्या गटातल्या शेजाऱ्यालाही घेऊन या.